शब्द आणि चित्र एकाच हातातून : माधुरी पुरंदरे



लेखक परिचय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेली चौकट येते. जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, पुरस्कार. पाठाच्या सुरुवातीला चार ओळी आणि परीक्षेत एका गुणाची रिकामी जागा. आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या या चौकटीत नीट मावत नाहीत. कारण त्या मुलांसाठी गोष्ट लिहितात आणि त्या गोष्टीची चित्रंही स्वतःच काढतात. मराठीत बालकवी पुष्कळ, बालकथाकार पुष्कळ, पुस्तकांना सुंदर चित्रं देणारे चित्रकारही पुष्कळ. पण ही दोन्ही कामं एकाच हाताने करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत माझ्या तोंडी पहिलं नाव येतं ते माधुरी पुरंदरे यांचं.

तुमच्या शाळेच्या वाचनपेटीत त्यांचं एखादं पुस्तक असू शकेल. ज्योत्स्ना प्रकाशनाची पातळ, चित्रांची पुस्तकं असतात ना, त्यांत शोधा. सापडलं तर हा लेख वाचताना ते जवळ घेऊन बसा. चित्राविषयी नुसतं वाचून फारसं हाती लागत नाही.

आधी थोडी माहिती सांगते.

माधुरीताईंचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. वडील म्हणजे शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. हे नाव आपल्याकडे लहानथोर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. आई निर्मला पुरंदरे मात्र आपल्या लोकांना तितक्या माहीत नाहीत, आणि आपण शिक्षक म्हणून त्या माहीत असायला हव्यात. निर्मलाताईंनी १९८१ मध्ये ‘वनस्थळी ग्रामीण विकास केंद्र’ सुरू केलं. खेड्यातल्या बायकांना बालवाडी शिक्षिका म्हणून तयार करायचं, त्यांनी आपापल्या गावात बालवाडी चालवायची, असं ते काम. आज आपण पूर्वप्राथमिक, अंगणवाडी, शाळापूर्व तयारी हे शब्द रोज वापरतो. त्या काळी गावातली सून ओसरीवर पंधरा पोरं जमवून गाणी म्हणते, ही कल्पनाच नवी होती. मुलांसाठी काम करणं हे माधुरीताईंनी घरातच पाहिलेलं आहे, आणि पुढे वनस्थळीच्या कामाशी त्यांचंही नातं राहिलं.

शिक्षण मात्र चित्रकलेचं. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि पुढे पॅरिसला जाऊन मुद्राचित्रणाचा अभ्यास केला. मुद्राचित्रण म्हणजे धातूच्या पत्र्यावर, लाकडावर किंवा दगडावर चित्र तयार करून त्याचे कागदावर ठसे घ्यायचे. आपण वर्गात भेंडी कापून, बटाटा कोरून ठसेकाम घेतो, त्याची ही मोठी बहीण समजा. या कामात रेषेला फार किंमत असते, कारण पत्र्यावर ओढलेली रेघ खोडरबराने पुसता येत नाही. माधुरीताईंच्या पुस्तकांतली साधी पण नेमकी रेषा पाहिली की हे शिक्षण कुठे मुरलं ते कळतं.

परत आल्यावर त्यांनी पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं. म्हणजे त्याही शिक्षिका. परकी भाषा शिकवणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते, ती आपल्याला मराठी शिकवताना दिसत नाही: समोरच्याला यातला एकही शब्द येत नाही, तरी त्याला गोष्ट समजायला हवी. मग चित्र, हावभाव, वस्तू, आवाज, सगळं वापरावं लागतं. त्यांच्या भाषेच्या पुस्तकांत हा अनुभव मला जागोजागी जाणवतो.

शिवाय नाटक आणि गाणं. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये त्यांनी काम केलं. चंद्रकांत काळे यांच्याबरोबरच्या त्यांच्या गाण्यांचे चाहते आजही आहेत. मोठ्यांसाठी त्यांनी पिकासोचं चरित्र लिहिलं आणि व्हॅन गॉगच्या जीवनावरची अर्विंग स्टोन यांची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी मराठीत आणली. थोडक्यात, मुलांच्या पुस्तकांकडे येईपर्यंत या बाईंच्या झोळीत चित्र, नाटक, गाणं, दोन-तीन भाषा आणि वर्गातला फळा एवढं सगळं जमा होतं. आपल्याकडे उलटा समज असतो. मोठ्यांसाठी लिहिणं जमलं नाही की माणूस मुलांसाठी लिहितो म्हणे! इथे सगळी शिदोरी घेऊन माणूस मुलांकडे आलं आहे.

२०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तो कुठल्या एका पुस्तकाला नव्हता, बालसाहित्यातल्या एकूण कामाला होता. २०१६ मध्ये टाटा ट्रस्टने ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ सुरू केला. त्यात लेखकाचा पुरस्कार दरवेळी एका भारतीय भाषेला द्यायचा ठरलं, पहिली भाषा मराठी निवडली गेली आणि पहिला पुरस्कार माधुरीताईंना मिळाला. परीक्षेच्या चौकटीसाठी लागणारी माहिती इथे संपली.

आता मुद्द्याकडे येते. गोष्ट एकाने लिहिली आणि चित्रं दुसऱ्याने काढली तर बिघडलं काय? काहीच नाही. ‘चांदोबा’ असाच होता, ‘किशोर’ असाच आहे, आपली बालभारतीची पाठ्यपुस्तकंही अशीच तयार होतात. लेखक गोष्ट पूर्ण करून देतो, चित्रकार त्यातला एखादा प्रसंग निवडतो आणि रंगवतो. गोष्टीत ‘लाल टोपी घातलेला मुलगा’ असेल तर चित्रात लाल टोपी येते. म्हणजे चित्र हे गोष्टीची साक्ष देतं. ते झाकून ठेवलं तरी गोष्ट कळते.

पण लिहिणारी आणि चित्र काढणारी व्यक्ती एकच असली की एक वेगळी सोय होते. तिला आपलंच वाक्य खोडता येतं. चित्राने सांगून झालं असेल तर ते शब्दाने परत सांगायची गरज उरत नाही.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून आपल्याच तालुक्यातलं एक उदाहरण करून पाहू. हे माझं आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. समजा तुम्हाला लिहायचंय: ‘दुपारची वेळ होती. आजी चाळीत बसून कांदा निवडत होती. सडका कांदा ती एका बाजूला टाकत होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून छोटी झोपली होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं. चाळीच्या एका बाजूचा कागद फाटलेला होता. आजीला काळजी वाटत होती.’

आता हेच चित्रात काढा. आजी, कांद्याचा ढीग, बाजूला सडक्याची पाटी, मांडीवर छोटी, चाळीच्या फटीतून दिसणारं काळं आभाळ, फडफडणारा फाटका कागद. किती वाक्यं उरली? माझ्या मते एकच पुरे: ‘आजी सारखी बाहेर बघत होती.’

काळजी हा शब्दसुद्धा काढून टाकला. आता तिसरीतलं मूल चित्र बघेल, आभाळ बघेल, फाटका कागद बघेल आणि स्वतःच म्हणेल, ‘बाई, कांदा भिजणार!’ उन्हाळ कांद्याच्या दिवसांत वळवाचा पाऊस आला की घरात काय होतं हे देवळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. ‘आजीला काळजी वाटत होती’ असं लिहिलं असतं तर त्याने ते नुसतं वाचलं असतं. आता त्याने ते ओळखलं.

हा फरक लहान दिसतो, पण आपलं सगळं घोडं इथेच पेंड खातं. २०२१ पासून निपुण भारत अभियानात आपण तिसरीपर्यंतच्या मुलांचं वाचन तपासतो. अक्षर येतं का, शब्द येतो का, मिनिटाला किती शब्द. पुष्कळ मुलं गिरणेला पूर आल्यासारखी धाडधाड वाचतात. उतारा संपला की विचारा, काय वाचलंस रे? गप्प. आणि त्याहून पुढचा प्रश्न, ‘त्याला असं का वाटलं असेल?’ यावर तर वर्गात शांतता. उताऱ्यात जे लिहिलंय ते शोधून काढायची सवय आपणच लावलेली असते. जे लिहिलेलं नाही ते समजून घ्यायची सवय कुठे लागणार? चित्रांच्या पुस्तकात ती लागते.

जगभरात हे जाणणारे लेखक-चित्रकार होऊन गेले. इंग्लंडच्या बिआट्रिक्स पॉटर यांनी ससुल्याची गोष्ट स्वतः लिहिली, स्वतः रंगवली. प्रकाशकांनी नाकारली तेव्हा स्वतःच्या पैशाने छापली आणि मग १९०२ मध्ये एका प्रकाशकाने ती रीतसर काढली. अमेरिकेत मॉरिस सेंडाक यांचं १९६३ मधलं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ आहे. त्यात रागावलेला मुलगा जसजसा स्वतःच्या कल्पनेच्या जंगलात शिरतो तसतसं चित्र पानावर मोठं होत जातं आणि मध्ये सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. नुसती दंगा करणारी राक्षसी जनावरं आणि तो मुलगा. दुसऱ्या कुणासाठी गोष्ट लिहून देणाऱ्या लेखकाला तीन जोडपानं मुकी सोडायचं धाडस होणं अवघड.

माधुरीताईंची पुस्तकं एवढी अचाट नाहीत. त्यांत राक्षस नाहीत, राजे-राण्या नाहीत. आणि मला तेच आवडतं. त्यांच्या चित्रांच्या पुस्तकांची नुसती नावं बघा: ‘हात मोडला’, ‘मोठी शाळा’, ‘मामाच्या गावाला’, ‘कंटाळा’. कंटाळा हा पुस्तकाचा विषय होऊ शकतो हे मराठीत किती जणांना सुचलं असतं? आपण मुलाला म्हणतो, कंटाळा कसला येतो रे तुला, अभ्यास कर. या बाई कंटाळा आलेल्या मुलाशेजारी जाऊन बसतात.

‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचात राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. आपणही दुसरीत ‘माझे कुटुंब’ घेतो. आणि फळ्यावर काय लिहितो? ‘माझ्या वडिलांचे नाव अमुक आहे. ते शेती करतात. ते मला खूप आवडतात.’ चाळीस वह्यांमध्ये चाळीस एकसारखे बाबा! ‘बाबाच्या मिशा’ या पुस्तकात अनु नावाच्या मुलीला बाबाच्या मिशा खूप आवडतात आणि मग ती दिसेल त्याच्या मिशा न्याहाळायला लागते. बस, एवढाच विषय. पण मिशा म्हटल्या की गावातला प्रत्येक माणूस वेगळा दिसायला लागतो. तुम्ही वर्गात उद्या विचारून बघा, आपल्या गावात सगळ्यात भारी मिशा कोणाच्या? हात वर करायला कुणी मागे राहणार नाही. ‘माझे बाबा’ या निबंधाला जो मुलगा दोन ओळींपुढे जात नाही तो मिशांवर पाच मिनिटं बोलतो. हे पुस्तक ‘प्रथम बुक्स’ने इंग्रजीतही आणलेलं आहे.

या पुस्तकांत शेवटी बोध नसतो. ‘यावरून आपण काय शिकलो’ असं कोणी विचारत नाही. आपल्यातल्या काही जणांना हे खटकतं, ते मला माहीत आहे. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत एका अनुभवी गुरुजींनी मला स्पष्टच विचारलं होतं, मॅडम, मग या गोष्टीतून पोरांनी घ्यायचं काय? प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर असं की मुलगा हात मोडलेल्या यशकडे बघून आपला स्वतःचा मोडलेला हात, आपला दवाखाना, आपल्याला वाटलेली भीती सांगायला लागतो, ते घ्यायचं. तात्पर्य विचारलं की मूल गुरुजींना हवं ते उत्तर देतं. न विचारता ठेवलं की स्वतःचं बोलतं. गुरुजींना हे पटलं नाही, पण पुस्तक मात्र ते दोन दिवस घरी घेऊन गेले.

‘चित्रवाचन’ या नावाचं त्यांचं एक पुस्तक आहे, त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. नावाप्रमाणे यात गोष्ट लिहिलेली नाही, चित्रंच वाचायची. नेहमीच्या जगण्यातली, माणसांनी गजबजलेली चित्रं. हे पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं की आपण शिक्षक दोन मिनिटांत पानं उलटून खाली ठेवतो. वाचायला काही नाहीच ना! तेच पुस्तक मुलांच्या हातात गेलं की एका पानावर अर्धा तास जातो. कारण मूल मोठ्या चित्राकडे बघतच नाही. ते कोपऱ्यातलं काहीतरी पकडतं आणि तिथून आत शिरतं.

इथे आपल्या भागाचा एक खास प्रश्न येतो. कसमादे पट्ट्यातल्या, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि आपल्या देवळ्यातल्या कितीतरी घरांत अहिराणी बोलतात. मूल सहा वर्षं अहिराणीत जगतं आणि पहिलीत आल्यावर पुस्तकाची मराठी समोर येते. हुशार पोरगं एकदम मुकं होतं. त्याला येत नाही असं नसतं, त्याच्याजवळ असलेले शब्द इथे चालतील की नाही याची त्याला खात्री नसते. पुस्तकातल्या वाक्यासमोर ते चुकू शकतं. चित्रासमोर कसं चुकणार? चित्राला कुठलीच प्रमाणभाषा नसते.

मी वर्गात गर्दीचं चित्र फळ्याला टेकवून ठेवते आणि एकच प्रश्न विचारते, ‘काय चाललंय?’ एरवी वाचनाच्या तासाला मान खाली घालून बसणारी एक मुलगी एकदा उठून चित्राजवळ गेली, बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘तो पोऱ्या पयी ऱ्हायना.’ तो मुलगा पळतोय. मी विचारलं, का गं पळतोय? ती म्हणाली, ‘त्यानी माय हाका मारी ऱ्हायनी.’ मागच्या बाकावरून दुसऱ्याने लगेच खोडलं, ‘नही, कुत्रं मांगे लागनं!’ आणि वाद सुरू झाला. चित्रात कुत्रं कुठल्या बाजूला आहे, त्याचं तोंड कुणीकडे आहे, मुलगा मागे वळून बघतोय की पुढे, हे सगळे पुरावे निघाले. आता सांगा, वाचन म्हणजे आणखी काय असतं? दहा मिनिटांनी मी फळ्यावर लिहिलं, ‘तो मुलगा पळतो आहे.’ त्या मुलीने ते वाक्य न अडखळता वाचलं, कारण ते तिचंच होतं. फक्त कपडे बदलून आलं होतं.

मूल अहिराणीत बोललं की लगेच ‘नीट मराठीत बोल’ असं सुचवायचा मोह आवरा. आधी पूर्ण बोलू द्या. प्रमाण मराठी नंतर फळ्यावर येतेच आहे.

वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांसाठी ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ यांच्याविषयी सांगायला हवं. ‘वाचू आनंदे’ हे माधुरीताईंनी संपादित केलेलं संकलन, बालगट आणि कुमारगट असं दोन टप्प्यांत. यात मराठीतल्या जुन्या-नव्या लेखकांचे वेचे, कविता, लोकसाहित्य आहे, आणि त्याबरोबर चित्रंही. ती चित्रं मजकुराला सजवायला ठेवलेली नाहीत. एका विषयावरचा वेचा आणि त्याच विषयाकडे एखाद्या चित्रकाराने कसं पाहिलं, हे शेजारी शेजारी येतं. खेड्यातल्या मुलाला चित्रांचं दालन बघायला मिळत नाही, ते इथे पुस्तकातून त्याच्या मांडीवर येतं. ‘लिहावे नेटके’मध्ये भाषेचे आणि लेखनाचे स्वाध्याय आहेत. व्याकरण आहे, पण व्याख्या पाठ करायचा जाच नाही. सहावी-सातवीच्या भाषाशिक्षकाने हा संच एकदा तरी चाळावा. प्रश्न कसा विचारावा हे त्यातून शिकण्यासारखं आहे. आपले प्रश्न बहुधा ‘कोण, कोठे, केव्हा’ इथेच थांबतात.

कॅरेन लिव्हाइन यांच्या ‘हॅनाची सूटकेस’चा त्यांनी केलेला अनुवाद सातवी-आठवीच्या मुलांना जरूर द्या. हाना ब्रॅडी ही चेकोस्लोव्हाकियातली ज्यू मुलगी. नाझींनी तिला ऑशविट्झच्या छळछावणीत नेऊन १९४४ मध्ये मारलं. कितीतरी वर्षांनी तिच्या नावाची सूटकेस जपानमधल्या एका संग्रहालयात येते, तिथली मुलं विचारतात, ही मुलगी कोण होती? आणि तिथली संचालिका शोध घ्यायला निघते. इतिहासाच्या पुस्तकातल्या दुसऱ्या महायुद्धाला एकदम एक चेहरा येतो.

आता थोडं टीकेचंही बोलते. कौतुकच करत राहिलं तर तो गौरव अंक होईल.

माधुरीताईंच्या चित्रांतली घरं बरीचशी शहरातल्या मध्यमवर्गीय माणसांची आहेत. आमच्या मुलांना ती बघायला आवडतात, पण ती त्यांची नाहीत. यश मामाच्या गावाला जातो. आमची मुलं मामाच्या गावातच राहतात! त्यांच्या सुट्टीत मामाकडे जाणं म्हणजे लोहोणेरहून उमराण्याला जाणं, आणि तिथे गेल्यावर कांदा भरू लागणं. शेतावर वस्ती करून राहणारी, गुरांमागे जाणारी, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहणारी मुलं चित्रांच्या मराठी पुस्तकांत मला फार थोडी भेटतात. हा दोष मी माधुरीताईंच्या माथी मारत नाही. त्यांनी स्वतः पाहिलं ते काढलं, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. पुण्यात बसून देवळ्याची चाळ काढली असती तर ती पोस्टरवरच्या शेतकऱ्यासारखी झाली असती, फेटा आणि हसरा चेहरा. स्वतः चित्रकार असलेल्या ल. म. कडू यांनी ‘खारीच्या वाटा’मध्ये धरणापायी सुटणाऱ्या गावातलं बालपण लिहिलं. त्या पुस्तकाला २०१७ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ते आमच्या मुलांना पटकन जवळचं वाटतं, पण ते वाचायला सहावी-सातवी गाठावी लागते. पहिली-दुसरीच्या मुलाला आपलं घर चित्रात दिसावं तर ते कोणी काढायचं? यावर मला जे सुचलं ते आम्ही वर्गात करतो आहोत. तुम्हालाही जमेल, खर्च नाही म्हटलं तरी चालेल.

एक मोठा ड्रॉइंग शीट घ्या. एकदा दुमडला की चार पानं होतात, दोनदा दुमडला की आठ, तीनदा दुमडला की सोळा. छापखान्यातही मोठा कागद असाच दुमडून कापतात, म्हणून चित्रांची पुस्तकं बहुतेक वेळा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. हे मुलांना सांगा, गणिताचा एक तास त्यातच होतो. आपण दोनदा दुमडायचा. मधल्या घडीवर सुईदोऱ्याने शिवायचं, वरची घडी पट्टीने कापायची, झालं आठ पानांचं पुस्तक. पहिलं पान मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ. मध्ये गोष्टीसाठी सहा पानं राहिली.

नियम दोनच. आधी चित्र काढायचं. आणि चित्रात जे दिसतं ते परत लिहायचं नाही. दुसरा नियम मुलांना सुरुवातीला अजिबात कळत नाही. ती बैल काढतात आणि खाली लिहितात, ‘हा बैल आहे.’ मग विचारायचं, ते तर दिसतंच आहे, दिसत नाही असं काय आहे? एका मुलाने बराच वेळ विचार करून बैलाच्या चित्राखाली लिहिलं, ‘बाजारात न्यायचाय.’ पानावर बैल तोच होता, पण ते दोन शब्द आल्यावर वर्गातली सगळी मुलं त्या चित्राकडे परत बघायला लागली. बैलाचे डोळे त्याने कसे काढलेत ते आधी कोणी पाहिलंच नव्हतं.

शब्द अहिराणीत आले तर येऊ द्या. आमच्याकडे काही पुस्तकांत एका पानावर अहिराणी आणि शेवटच्या पानावर तेच मराठीत, असं मुलांनीच ठरवलंय. चित्र नीट येत नाही म्हणून अडून बसणारी मुलं असतात, त्यांना जोडी करून द्या, पण महिन्यातून एकदा तरी दोन्ही कामं एकाच मुलाने करायची. लिहिणाऱ्या हातानेच चित्र काढलं की कुठला शब्द नको ते त्याचं त्यालाच समजतं.

शिवताना दोरा दुहेरी घ्या आणि गाठ आतल्या बाजूला ठेवा. बाहेर ठेवली तर पोरं ती ओढत बसतात आणि आठ दिवसांत पानं सुटतात. तयार पुस्तकं खिडकीला दोरी बांधून चिमट्यांनी लावा, पण दोरी मुलांच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर असू द्या. पावसाळ्यात ती काढून पेटीत ठेवायची, माधुरीताईंच्या पुस्तकांच्या शेजारी. तुमच्या शाळेत अशी पुस्तकं तयार झाली तर खाली कमेंटमध्ये नक्की कळवा, आणि जमलं तर एखाद्या पानाचा फोटोही पाठवा.